टॉमी लासोर्डा: मायनर लीगचा पिचर ते डॉजर्सचा मॅनेजर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेसबॉल नव्याने पाहू लागलेल्या मराठी वाचकांकडून लासोर्डाबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत. आकडे आणि नियम ठाऊक असतील तर थेट प्र. ७ पासून वाचा.

१. हा लासोर्डा कोण, थोडक्यात सांगाल का?

जन्म २२ सप्टेंबर १९२७, पेनसिल्व्हेनियातलं नॉरिस्टाउन. डावखुरा पिचर (बॅटरला चेंडू टाकणारा). १९४५ ते १९६० खेळला, पण त्यातला जवळपास सगळा काळ मायनर लीगमध्ये गेला. मग स्काउट (नवे खेळाडू हेरणारा), मग मायनर लीगचा मॅनेजर, आणि २९ सप्टेंबर १९७६ पासून २९ जुलै १९९६ पर्यंत लॉस एंजेलिस डॉजर्सचा मॅनेजर. १९८१ आणि १९८८ अशा दोन वर्ल्ड सीरिज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकल्या, १९९७ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या सन्मान-यादीत) गेला. ७ जानेवारी २०२१ रोजी ९३व्या वर्षी निधन झालं.

२. मायनर लीग म्हणजे आपल्या रणजीसारखं काही का?

दर्जाच्या उतरंडीपुरतं साम्य आहे, त्यापुढे नाही. मुंबईचा रणजी संघ मुंबईचाच असतो. मायनर लीगचा संघ गावाचं नाव लावतो, पण त्यातले खेळाडू, मॅनेजर आणि त्यांचे पगार वरच्या मेजर लीग (सर्वोच्च व्यावसायिक लीग) संघाचे असतात. त्यामुळे पाच सामने ओळीने जिंकून देणारा पिचर दुसऱ्या दिवशी सकाळी वर बोलावला जातो. गावातले प्रेक्षक हळहळतात, पण व्यवस्थेचा हेतूच तो आहे.

लासोर्डाच्या काळात पायऱ्या खूप होत्या: डी, सी, बी, ए, डबल ए, ट्रिपल ए. तो १९४५ मध्ये फिलाडेल्फिया फिलीजच्या करारावर नॉर्थ कॅरोलायनातल्या कॉनकॉर्ड वीव्हर्सकडून डी वर्गात खेळला. वीव्हर्स म्हणजे विणकर. गाव कापडगिरण्यांचं, म्हणून हे नाव. सोलापूरच्या संघाला ‘विणकर’ म्हणावं तसं. १९४६ आणि १९४७ ही दोन वर्षं लष्करी सेवेत गेली.

आज मेजर लीगशी जोडलेले १२० संघ आहेत आणि पायऱ्या चारच: ट्रिपल ए, डबल ए, हाय ए, सिंगल ए. त्याखाली प्रशिक्षण संकुलातले संघ असतात.

३. एका सामन्यात २५ स्ट्राइकआउट, हे खरं आहे की दंतकथा?

खरं आहे. ३१ मे १९४८, सी वर्गाची कॅनेडियन-अमेरिकन लीग, लासोर्डा स्केनेक्टडी ब्लू जेजकडून, समोर ॲम्स्टरडॅम रगमेकर्स (इथेही गाव गालिच्यांच्या कारखान्यांचं). सामना नेहमीच्या ९ ऐवजी १५ इनिंग (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक पाळी) चालला, पूर्ण सामना त्यानेच टाकला, २५ जण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि जिंकून देणारी धावही त्याच्याच फटक्यावर आली. पुढच्या दोन सामन्यांत १५ आणि १३ स्ट्राइकआउट.

पण त्या हंगामाची पूर्ण ओळ वाचली की खरा पिचर दिसतो: १९२ इनिंग, १९५ स्ट्राइकआउट, १५३ वॉक, ९ विजय, १२ पराभव. वॉक म्हणजे चार चेंडू स्ट्राइक झोनबाहेर गेले आणि बॅटरला पहिला बेस फुकट मिळाला. हंगामात १५३ वॉक म्हणजे दर ९ इनिंगला सातच्या वर. त्याचा कर्व्ह चेंडू जबरदस्त वळायचा, पण कुठे पडेल याची खात्री नसायची. खालच्या वर्गातले बॅटर तशा चेंडूवर बॅट फिरवतात. वरच्या वर्गातले बॅट खांद्यावरून हलवत नाहीत आणि चालत पहिल्या बेसवर जातात. प्र. ५ चं अर्धं उत्तर इथेच आहे.

त्या हंगामानंतर डॉजर्सनी त्याला फिलीजकडून ड्राफ्टमध्ये (संघांनी क्रमाने खेळाडू निवडण्याची पद्धत) उचललं.

४. मॉन्ट्रिअलमध्ये इतका चांगला खेळूनही वर का नेलं नाही?

मॉन्ट्रिअल रॉयल्स हा ब्रुकलिन डॉजर्सचा (पुढे लॉस एंजेलिसला गेलेले तेच डॉजर्स) ट्रिपल ए संघ. लासोर्डा तिथे १९५० ते १९५५ आणि पुन्हा १९५८ ते १९६० होता. १०७ विजयांसह तो रॉयल्सच्या इतिहासातला सर्वाधिक विजयांचा पिचर ठरला. १९५८ मध्ये १८ विजय, ६ पराभव आणि इंटरनॅशनल लीगच्या सर्वोत्तम पिचरचा मान.

अडकण्याचं कारण गुणवत्तेइतकंच हिशेबाचं होतं. तेव्हा मेजर लीगमध्ये फक्त १६ संघ होते, आज ३० आहेत. वर ‘रिझर्व्ह क्लॉज’ होता: करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहायचा. दुसरीकडे जाऊन नशीब काढण्याची सोय नव्हती. ती सत्तरीच्या दशकाच्या मध्यात आली. ब्रुकलिनसारख्या भरलेल्या संघाच्या ट्रिपल एमध्ये असणं म्हणजे गर्दीच्या लोकलच्या दारात लटकण्यासारखं. गाडी आपली असते, पण आत जागा नसते.

एक योगायोग लक्षात ठेवा: १९५० ते १९५३ मॉन्ट्रिअलचा मॅनेजर होता वॉल्टर ऑल्स्टन. प्र. ११ मध्ये तो पुन्हा येतो.

५. मेजर लीगमध्ये एकही विजय नाही, असं कसं?

एकूण २६ सामने, ५८⅓ इनिंग, ० विजय, ४ पराभव, ३७ स्ट्राइकआउट. डॉजर्सकडून १९५४ मध्ये चार आणि १९५५ मध्ये चार सामने. उरलेले १८ सामने १९५६ मध्ये कॅन्सस सिटी ॲथलेटिक्सकडून.

चारही पराभव कॅन्सस सिटीचे आहेत, आणि त्या वर्षी तो संघ १०२ सामने हरला होता. बेसबॉलमध्ये विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावर लागतो. निर्णायक आघाडी ज्याच्या वाट्याची, त्याच्या खात्यात तो जमा होतो. दुबळ्या संघाचा पिचर बरा टाकूनही हरू शकतो. तरी सगळं खापर संघावर फोडता येत नाही, कारण मेजर लीगमधले त्याचे वॉक स्ट्राइकआउटपेक्षा बरेच जास्त आहेत.

६. ५ मे १९५५ रोजी नेमकं काय घडलं?

डॉजर्सकडून सुरुवातीचा पिचर म्हणून त्याचा हा पहिला आणि शेवटचा सामना, सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध. पहिल्याच इनिंगमध्ये त्याने तीन ‘वाइल्ड पिच’ टाकले. कॅचरला (बॅटरमागच्या खेळाडूला) अडवता न आलेला आणि ज्यावर धावपटू पुढचा बेस गाठतो असा पिचरच्या चुकीचा चेंडू म्हणजे वाइल्ड पिच. आपल्याकडच्या वाइडचे बाय गेले, असं समजा.

चेंडू मागे गेला की कॅचर तो आणायला धावतो आणि होम प्लेट (बॅटर उभा असतो तिथला बेस) उघडी पडते. ती राखायला पिचरने माउंडवरून (तो चेंडू टाकतो त्या उंचवट्यावरून) धावत यायचं असतं. लासोर्डा आला. तिसऱ्या बेसवरून वॉली मून घसरत आला आणि त्याच्या बुटाचे खिळे लासोर्डाच्या गुडघ्यात घुसले. तशा पायाने त्याने इनिंग पूर्ण केली. मग त्याला बाहेर काढलं.

७. सँडी कोफॅक्समुळे त्याची जागा गेली, हे कितपत खरं?

खरं आहे, पण ‘कोफॅक्स सरस ठरला म्हणून’ नव्हे. ही चूक बहुतेक जण करतात. १९ वर्षांचा कोफॅक्स तेव्हा कच्चाच होता. तेव्हाच्या ‘बोनस’ नियमानुसार ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस देऊन घेतलेल्या नव्या खेळाडूला दोन वर्षं मेजर लीगच्या रोस्टरवरच (अधिकृत संघयादीवरच) ठेवावं लागे, खाली पाठवता येत नसे. कोफॅक्सचा बोनस १४,००० डॉलर होता. हंगामाच्या सुरुवातीला घोट्याच्या दुखापतीमुळे तो यादीबाहेर होता. जूनमध्ये बरा होऊन आला आणि २५ जणांच्या रोस्टरमधून एकाला जाणं भाग पडलं. खाली पाठवता येण्यासारखा डावखुरा लासोर्डा होता. आपल्याला हटवायला इतिहासातला सर्वोत्तम डावखुरा लागला, हा विनोद त्याने पुढे आयुष्यभर पुरवून वापरला.

८. खेळणं संपल्यावर लगेच मॅनेजर झाला का?

नाही. जुलै १९६० मध्ये मॉन्ट्रिअलने सोडलं. १९६१ पासून तो डॉजर्सचा स्काउट होता: गावोगाव शाळा-कॉलेजचे सामने पाहायचे, मुलगा हेरायचा, घरच्यांशी बोलायचं, अहवाल पाठवायचा. मॅनेजरची पहिली नेमणूक १९६५ मध्ये, आयडाहोतल्या पोकाटेलोला, पायोनिअर लीगमध्ये. ही रुकी लीग, म्हणजे सर्वांत खालची पायरी. पुढचा क्रम:

ओग्डेन, युटा (रुकी): १९६६ ते १९६८, तिन्ही वर्षं लीगचं विजेतेपद.
स्पोकेन, वॉशिंग्टन (ट्रिपल ए): १९६९ ते १९७१. १९७० मध्ये ९४ विजय, ५२ पराभव आणि पॅसिफिक कोस्ट लीगचं विजेतेपद.
अल्बुकर्की, न्यू मेक्सिको (ट्रिपल ए): १९७२, पुन्हा विजेतेपद. ही बढती किंवा बदली नव्हती, स्पोकेनचा अख्खा संघच तिकडे हलवला गेला होता.

मॅनेजरकीचं शिक्षण मात्र खेळतानाच सुरू झालं होतं. १९५६-५७ मध्ये डेन्व्हरला तो राल्फ हाउकच्या हाताखाली खेळला. खेळाडूला माणूस म्हणून कसं वागवायचं हे आपण हाउककडून शिकलो, असं तो सांगत असे.

९. बेसबॉलचा मॅनेजर म्हणजे क्रिकेटचा कोच ना?

कोच अधिक कर्णधार. बॅटिंगचा क्रम, पिचर कधी बदलायचा, बदली बॅटर कोण, धावपटूने बेस चोरायचा (फटक्याची वाट न पाहता पुढच्या बेसवर पळायचं) की नाही, हे सगळं सामना चालू असताना तोच ठरवतो. मैदानातल्या खेळाडूकडे क्रिकेटच्या कर्णधारासारखे अधिकार नसतात. म्हणून तो खेळाडूंसारखाच गणवेश घालून डगआउटमध्ये असतो. पोट सुटलेला साठीचा लासोर्डा दोन नंबरच्या जर्सीत का दिसतो, असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

मॅनेजर पिचरशी बोलायला माउंडवर जाऊ शकतो, पण त्यालाही मर्यादा आहे. एकाच इनिंगमध्ये त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेलात तर त्याला काढावंच लागतं. २०२४ पासून मेजर लीगमध्ये नऊ इनिंगच्या सामन्यात संघाला अशा चारच भेटी मिळतात. खेळाडूंची खरेदी-विक्री जनरल मॅनेजरकडे असते, तो वेगळा माणूस.

१०. मायनर लीगचा मॅनेजर सामने जिंकण्यासाठी असतो की खेळाडू घडवण्यासाठी?

नोकरी घडवण्याची, मोजमाप मात्र दोन्हींचं. सगळ्यांत जास्त गैरसमज याच प्रश्नाभोवती आहेत, म्हणून सविस्तर.

सामना संपला की मॅनेजर वरच्या कार्यालयाला अहवाल देतो: कोणी किती टाकलं, कोणाचा हात दुखतोय, कोण कर्व्हवर चुकतोय. ज्याच्यात मोठी गुंतवणूक आहे त्याला, तो फॉर्मात नसला तरी, खेळवावं लागतं. आठव्या इनिंगमध्ये आघाडी एका धावेची असते आणि माउंडवर थकलेला १९ वर्षांचा मुलगा उभा असतो. जिंकायचं तर त्याला काढायला हवं. घडवायचं तर या अडचणीतून त्याला स्वतःच बाहेर पडू द्यायला हवं, फक्त चेंडूंची मोजणी हाताबाहेर जाता कामा नये. नवा मॅनेजर चुकतो तो इथे. विजेतेपदाच्या नादात पिचरचा खांदा घालवणं ही या पायरीवरची सर्वांत महागडी चूक.

दुसरं काम म्हणजे जागा बदलणं. हात उत्तम पण आउटफिल्डमध्ये (मैदानाच्या सीमेकडच्या भागात) पुढे गर्दी, अशा खेळाडूला वेळीच इनफिल्डमध्ये (बेसजवळच्या भागात) आणलं तर त्याचं करिअर वाचतं. स्पोकेनला लासोर्डाने आउटफिल्डर डेव्ही लोप्सला दुसऱ्या बेसवर आणलं. सुरुवातीला चुका होतात, त्या धावफलकावर दिसतात आणि सामनेही जातात. तरी रोज दुपारी, सामन्याआधी, जमिनीलगतचे चेंडू मारून घ्यायचे. बिल रसेल १९६६ मध्ये ओग्डेनला आला तो आउटफिल्डर म्हणून, पुढे तो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला खेळाडू) झाला. ओग्डेनलाच १९६८ मध्ये स्टीव्ह गार्वी, बिल बकनर, बॉबी व्हॅलेंटाइन होते. वरच्या टप्प्यावर रॉन से आला.

गार्वी, लोप्स, रसेल, से ही इनफिल्डची चौकडी डॉजर्सकडून जून १९७३ ते १९८१ एकत्र खेळली. एवढा काळ टिकलेली दुसरी चौकडी मेजर लीगमध्ये नाही. चौघेही मायनर लीगमध्ये लासोर्डाच्या हाताखालून गेले होते. आमच्या मते त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं काम हे आहे, वर्ल्ड सीरिज त्यानंतर.

११. मोठ्या संघाची सूत्रं कशी मिळाली?

१९७३ मध्ये तो डॉजर्सचा तिसऱ्या बेसवरचा कोच झाला. मॅनेजर तोच वॉल्टर ऑल्स्टन (प्र. ४), जो २३ वर्षं दर वेळी एका वर्षाच्या करारावर राहिला. मधल्या काळात दुसऱ्या संघांकडून आलेल्या ऑफर लासोर्डाने नाकारल्या. १९७६ च्या हंगामाचे चार सामने उरले असताना ऑल्स्टन बाजूला झाला. पुढच्याच दोन वर्षांत, १९७७ आणि १९७८, लासोर्डा नॅशनल लीग (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) जिंकून वर्ल्ड सीरिजमध्ये पोहोचला आणि दोन्ही वेळा न्यूयॉर्क यांकीजकडून हरला. १९८१ मध्ये पहिले दोन सामने गमावून पुढचे चार जिंकले, तेही यांकीजविरुद्धच.

१२. पिचर असलेले मॅनेजर इतके कमी का?

सुरुवातीचा पिचर चार-पाच दिवसांतून एकदा खेळतो आणि सराव बाकीच्यांपेक्षा वेगळा करतो. बॅटिंग, बेसवरची धाव, इनफिल्डची रचना यांत त्याचा रोजचा हात नसतो. कॅचरसमोर मात्र सगळं मैदान असतं, म्हणून कॅचर मॅनेजर जास्त होतात. हाउकही कॅचरच. पिचर बहुतेक वेळा पिचिंग कोच होऊन थांबतो.

अपवाद आहेतच. १९७८ मध्ये लासोर्डाला हरवणारा यांकीजचा बॉब लेमन स्वतः हॉल ऑफ फेममधला पिचर. जॉर्ज बॅम्बर्गरचं उदाहरण लासोर्डाच्या अधिक जवळचं आहे: मायनर लीगमध्ये प्रदीर्घ कारकीर्द, मेजर लीगमध्ये फक्त १० सामने, पुढे मिलवॉकीचा मॅनेजर.

१३. स्पॅनिश कुठे शिकला?

हिवाळी लीगमध्ये. अमेरिकेतला हंगाम संपला की मायनर लीगचे खेळाडू पैशांसाठी क्युबा, पोर्तो रिको, पनामा इकडे खेळत. तिथे भाषा कामापुरती यायचीच. १९८१ मध्ये मेक्सिकोहून आलेला २० वर्षांचा फर्नांडो व्हॅलेंझुएला पहिले आठही सामने जिंकत होता आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं, तेव्हा ही भाषा उपयोगी पडली.

१४. १९८८ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये सामना जिंकून देणारा तो होमरन गिब्सनचा. त्यात मॅनेजरने काय केलं?

हुकमाचा पत्ता लपवला. १५ ऑक्टोबर, पहिला सामना, नवव्या इनिंगचा उत्तरार्ध, ओकलंड ४-३ ने पुढे, दोन बाद. कर्क गिब्सनचे दोन्ही पाय दुखावलेले, तो आतल्या खोलीत. लासोर्डाने बदली बॅटर म्हणून माइक डेव्हिसला पाठवलं आणि पुढचा बॅटर जिथे थांबतो त्या वर्तुळात उभं केलं डेव्ह अँडरसनला. ओकलंडचा पिचर डेनिस एकर्सली याला दिसलं की डेव्हिसनंतर दुबळा बॅटर आहे. आदल्या वर्षी डेव्हिस ओकलंडलाच होता आणि त्याची ताकद एकर्सलीला ठाऊक होती. त्याने जपून टाकलं आणि डेव्हिसला वॉक मिळाला. तेव्हा अँडरसनला मागे बोलावून लासोर्डाने लंगडत येणाऱ्या गिब्सनला बॅटिंगला पाठवलं.

डेव्हिसने दुसरा बेस चोरला. तीन बॉल, दोन स्ट्राइक. डावखुऱ्या बॅटरला या स्थितीत एकर्सली बाहेरून आत येणारा स्लायडर टाकतो, असं स्काउट मेल डिडिएरने आधीच बजावलं होतं. तोच आला. ५-४. त्या सीरिजमध्ये गिब्सन पुन्हा बॅट घेऊन उभाच राहिला नाही.

१५. ६२व्या फेरीत निवडलेला माइक पियाझा हा वशिल्याचा प्रकार नव्हता का?

निवड वशिल्याचीच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पियाझाच्या वडिलांशी लासोर्डाची जुनी ओळख होती, आणि १९८८ च्या ड्राफ्टमध्ये डॉजर्सनी १,३९० वा खेळाडू म्हणून त्याला उपकारादाखल घेतलं. पण तो पहिल्या बेसवर खेळायचा. कॅचर कर, असा आग्रह लासोर्डाने धरला. हेच प्र. १० मधलं जागा बदलण्याचं काम. १९९३ मध्ये पियाझा सर्वोत्तम नवोदित ठरला. लासोर्डाच्या काळात हा मान मिळालेल्या डॉजर्सच्या नऊ खेळाडूंपैकी तो एक.

१६. त्याने पिचर्सचे हात झिजवले, हा आरोप योग्य आहे का?

बऱ्याच अंशी. व्हॅलेंझुएलाने १९८२ ते १९८७ दर वर्षी २५० हून अधिक इनिंग टाकल्या, १९८६ मध्ये २० सामने एकट्याने पूर्ण केले आणि १९८८ मध्ये खांद्याने दगा दिला. १९८१ च्या वर्ल्ड सीरिजमधल्या तिसऱ्या सामन्यात त्याने १४७ चेंडू टाकले होते. त्या काळी हे सर्रास चालायचं, हा बचाव खरा आहे. पण १५ इनिंग स्वतः टाकलेल्या माणसाला (प्र. ३) थकव्याची मर्यादा वेगळीच वाटत असणार, असं आम्हाला वाटतं.

दुसरी बाजूही बघा. ओरेल हर्शायझर त्याला बुजरा वाटला म्हणून त्याने ‘बुलडॉग’ हे नाव चिकटवलं आणि बॅटरवर चाल करून जायला लावलं. १९८८ मध्ये हर्शायझरने ओळीने ५९ इनिंग एकही धाव दिली नाही.

१७. ऑलिंपिकचं सुवर्णपदक त्याला मिळालं का?

संघाला मिळालं. ऑलिंपिकमध्ये प्रशिक्षकांना पदक देत नाहीत. २००० मध्ये सिडनीला मेजर लीगचा हंगाम चालू असल्याने अमेरिकेचा संघ मुख्यतः मायनर लीगच्या खेळाडूंचा होता. साखळीत क्युबाकडून ६-१ हार, अंतिम सामन्यात बेन शीट्सच्या पिचिंगवर क्युबालाच ४-० ने हरवलं. वर्ल्ड सीरिज आणि ऑलिंपिक सुवर्ण, दोन्ही जिंकलेला मॅनेजर तो एकटाच.

१८. मॅनेजर म्हणून विजयांचे आकडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे का दिसतात?

मेजर लीगचा नियमित हंगाम धरला तर १,५९९ विजय, १,४३९ पराभव. यात १९७६ चे शेवटचे चार सामने (२-२) आणि १९९६ चे पहिले ७६ (४१-३५) येतात. जून १९९६ मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि उरलेले ८६ सामने बिल रसेलच्या खात्यात गेले. ओग्डेनचा तोच रसेल. बाद फेरीचे ३१ विजय, ३० पराभव वेगळे मोजतात. मायनर लीग आणि ऑलिंपिक यांत धरत नाहीत. कोणी सगळं एकत्र करतं, तिथे फरक पडतो.

१९. आज एखाद्याला याच वाटेने जायचं असेल तर?

वाट आहे, पण काही थांबे बदललेत. पायोनिअर लीग २०२१ पासून मेजर लीग संघांची रुकी लीग राहिलेली नाही. ती स्वतंत्र आहे, ओग्डेनचा संघ तिथे अजून खेळतो. स्पोकेन हाय एमध्ये, अल्बुकर्की अजून ट्रिपल एमध्येच. खेळाडूंचा किमान वार्षिक पगार २०२३ च्या करारात ट्रिपल एला ३५,८००, डबल एला ३०,२५०, हाय एला २७,३००, सिंगल एला २६,२०० आणि संकुलातल्या संघांना १९,८०० डॉलर ठरला. खेळणं संपत आलं की आता अनेक जण स्काउटऐवजी खालच्या पायरीवर पिचिंग कोच म्हणून सुरुवात करतात. अर्ज संघाच्या खेळाडू-विकास विभागाकडे जातो आणि स्पॅनिश येत असेल तर तो वरच्या गठ्ठ्यात राहतो.